मनी, सायरन आणि कपाट

रात्री अडीचला घरातल्या चोर-अलार्मचा सायरन वाजला तशी मी धावत बाहेर आले. चोर नव्हता. मनी सोफ्याखाली अंग चोरून बसली होती, कान मागे, शेपटी फुगून दुप्पट झालेली. तिला छातीशी धरलं तर तिचं काळीज केवढ्यानं धडधडत होतं! त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

अलार्मचा सेन्सर पाळीव प्राण्यांच्या घरासाठीचाच होता, मग असं का? तो शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो. भिंतीवर साधारण ७ फुटांवर बसवतात, म्हणजे जमिनीलगत फिरणारा लहान प्राणी त्याला जाणवत नाही. पण मांजर जमिनीवर थोडंच राहतं! मनी कपाटावर चढली की थेट सेन्सरच्या तोंडासमोर. इतक्या जवळून ४ किलोचं मांजरही त्याला माणसाएवढं भासतं. (हे बसवणाऱ्यानं आधीच सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.)

अलार्मच बंद करून टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. कपाट सेन्सरपासून लांब, दुसऱ्या भिंतीला सरकवलं आणि रात्री आता फक्त दारं-खिडक्यांचे सेन्सर चालू ठेवते. मनी कपाटावरच झोपते, एक पाय खाली लोंबता सोडून.