आधीचा नंबर

नोव्हेंबर लागला की बँकेत पेन्शनच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला दुसरे काही सुचत नाही. पेन्शनधारकाने आपण हयात असल्याचा दाखला याच महिन्यात द्यायचा असतो, आणि आमच्या सातारा जिल्ह्यात या पेन्शनधारकांमध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पुष्कळ. २०१४ पासून हा दाखला आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा यांवरून संगणकावर निघू लागला. सोय चांगली आहे. मात्र ज्या बाईने पन्नास वर्षे खुरपे धरले आहे तिच्या अंगठ्यावर रेघा उरत नाहीत, हे ते यंत्र बनवणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. मग आम्ही अंगठा ओल्या फडक्याने पुसायला सांगतो, तेल लावलेल्या केसांवरून फिरवायला सांगतो, दुसरे बोट ठेवून पाहतो, आणि अखेरीस जुना छापील फॉर्म काढतो.

२०१७ सालच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट आहे. एका तालुक्याच्या गावच्या शाखेत माझी बदली होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर एक म्हातारे जोडपे टेबलासमोर आले, म्हणजे मला ते जोडपे वाटले. दोघांजवळ लागोपाठची टोकने होती. आजोबांनी आधीचे टोकन आजींच्या हातात दिले, नंतरचे स्वतःकडे ठेवले आणि आजींना खुर्चीवर बसवून आपण मागे उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ अशी सरळ की लष्कराचे पेन्शन आहे का, हे विचारण्याची गरज नव्हती.

मी दोघांचेही पेन्शन आदेश, ज्याला आम्ही पीपीओ म्हणतो, एकदमच मागून घेतले. आजींचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा होता आणि त्यावर दिवंगत पतीचा सात आकडी सैन्य क्रमांक होता. आजोबांचा हवालदार पदावरून निवृत्तीचा होता आणि त्यावर त्यांचा स्वतःचा क्रमांक होता. दिवसभर आकडे टंकणाऱ्या माणसाचे डोळे अर्थाकडे पाहत नाहीत, फक्त चूक शोधतात. दोन्ही क्रमांकांचे पहिले सहा आकडे तेच आणि शेवटच्या आकड्यात एकाचा फरक, हे पाहून मला वाटले की कोणत्या तरी कारकुनाने एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या कागदावर चढवला आहे. अशा चुका आम्ही रोज निस्तरतो. मी डोके वर न काढताच म्हणालो, "आजोबा, इथे काही तरी घोटाळा आहे. तुमच्या मंडळींच्या कागदावर तुमचाच नंबर चुकून पडलाय."

मागच्या रांगेत एक जण हसला. आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, त्या माझ्या मंडळी न्हाईत. वैनी आहेत. आन् नंबर बरोबर आहे. त्यो माझ्या आधीचा."

मी माफी मागितली. आजींनी ती हाताने झटकून टाकली. असे विचारणारा मी पहिला नव्हतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजले. तेवढ्यात लिंक गेली. बँकेत लिंक जाणे म्हणजे पावसात वीज जाण्याइतकेच नेहमीचे. पण त्या दिवशी ती दीड तास आली नाही. रांगेतले बरेच लोक चहाला गेले. हे दोघे गेले नाहीत, कारण त्यांची एसटी साडेचारला होती आणि टोकन हुकवायचे नव्हते. मी आजोबांसाठी खुर्ची मागवली आणि विचारले, "आधीचा म्हणजे?"

आजींचा नवरा आणि आजोबा, दोघे एकाच गावचे. १९५८ साली एकाच दिवशी भरती झाले, एकामागे एक उभे होते म्हणून क्रमांक एकामागे एक पडले. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरूट म्हणून घासून निघाले आणि दोघेही पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत गेले. पलटणीत बरेच काही क्रमांकाने चालते, हे मला ठाऊक नव्हते. हवालदारांनी ते मला आपल्या पद्धतीने समजावले: सुई टोचायची तर नंबराने, बूट मिळणार तर नंबराने, पगार नंबराने. "पगार परेडला बाबू आधी त्याचा नंबर पुकारायचा, मग माझा. त्याचा कानावर पडला की मी टोपी सारखी करायची आन् पाय उचलायचा. स्वतःचा नंबर मी कधी ऐकतच नव्हतो."

जोडीदार गेला तो दमणला, १८ डिसेंबर १९६१ रोजी. मी मूर्खासारखे म्हणालो, "म्हणजे गोव्याच्या लढाईत." त्यावर हवालदारांनी मला शाळेतल्या पोरासारखा भूगोल शिकवला. गोवा कुठे आणि दमण कुठे! दमण गुजरातच्या किनाऱ्यावर, वापीच्या पश्चिमेला. मधून दमणगंगा जाते, तिच्या उत्तरेला नानी दमण आणि दक्षिणेला मोटी दमण, आणि विमानतळ नानी दमणकडे. गोवा, दमण आणि दीव ही तिन्ही पोर्तुगिजांकडे होती म्हणून तिन्ही ठिकाणी एकाच वेळी सैन्य शिरले आणि तिन्हींना मिळून 'ऑपरेशन विजय' असे एकच नाव पडले. पण गोव्यात मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन आणि पन्नासावी पॅरा ब्रिगेड होती, तर दमणला लेफ्टनंट कर्नल भोसले यांची ही एकच पलटण आणि तिच्या मदतीला तोफा होत्या. त्यांच्या सांगण्यात या फरकाला फार महत्त्व होते. "गोव्यावाल्यांना लोकांनी हार घातले," ते म्हणाले, आणि त्यात हेवा नव्हता, नुसती नोंद होती.

पहाटे चारला पलटण निघाली. चांदणे मावळलेले होते. जमीन सपाट आणि उघडी, आडोसा म्हणून शेताचे बांध तेवढे. उजाडेपर्यंत बरेच काही ताब्यात आले. मात्र विमानतळाच्या बाजूने पोर्तुगिजांनी दिवसभर दम काढला, त्यांच्या तोफा चालू होत्या, आणि त्यांना गप्प करायला हवाई दलाची मिस्टेअर विमाने पुन्हा पुन्हा येत होती. संध्याकाळपर्यंत विमानतळ सोडून जवळजवळ सगळा मुलूख हाती आला होता. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास शरणागती झाली. दमणचे गव्हर्नर मेजर कॉस्टा पिंटो जखमी होते. शरणागती त्यांच्याकडूनच घ्यायची असे ठरल्यामुळे त्यांना स्ट्रेचरवरून विमानतळावर आणले. सहाशेच्या आसपास सैनिक आणि पोलीस कैद झाले. पोर्तुगिजांची 'अंतारेस' ही गस्ती नौका तेवढी निसटली आणि समुद्रातून थेट कराचीला जाऊन लागली.

स्ट्रेचरवरचा गव्हर्नर हवालदारांनी लांबून पाहिला होता. "तोंडावर माशी बसली होती. हाकलायची का न्हाई, असा त्याचा अर्दली विचार करत होता." एवढेच त्यांना त्या शरणागतीतले स्पष्ट आठवत होते.

जोडीदाराचे मी हळूच विचारले. ते दोघे वेगवेगळ्या कंपन्यांत होते, त्यामुळे त्यांनी त्याला पडताना पाहिले नाही. कळले ते संध्याकाळी, पाण्याच्या बाटल्या भरताना, दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून. पलटणीचे चार जवान गेले आणि चौदा जखमी झाले. हवालदारांनी चौघांचीही नावे सांगितली, कोण कोणत्या गावचा, कोण कसा होता तेही. एक जण दातवणाशिवाय दुसऱ्या कशानेही दात घासत नसे आणि बेळगावच्या छावणीत कडुलिंबाच्या झाडाची फांदी तोडल्याबद्दल त्याने शिक्षा भोगली होती. दुसऱ्याला वाचता येत होते, म्हणून अर्ध्या सेक्शनची पत्रे तो वाचून दाखवी आणि वाईट बातमी असली की ती गाळून वाचत असे. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो मध्येच थांबला की ऐकणाऱ्याचा जीव खाली-वर होई. ती नावे मी इथे लिहीत नाही. त्या चौघांबद्दल बोलताना त्यांनी एकदाही 'शहीद' किंवा 'वीरगती' असा शब्द वापरला नाही. 'राहिला' म्हणत. "चौघं तिथं राहिले."

नंतरच्या पगार परेडला हवालदार रांगेत उभे होते. बाबू नंबर पुकारत होता. ते टोपी सारखी करायची वाट पाहत राहिले, आणि त्यांचा स्वतःचा नंबर पुकारला गेला, तो पुन्हा पुकारला गेला, तरी त्यांनी पाय उचलला नाही. तिसऱ्या वेळी मागच्याने ढकलले. "सीएचएम, म्हंजे कंपनीचा हवालदार मेजर, ओरडला माझ्यावर. मग त्याच्याबी ध्यानात आलं, तो गप झाला."

दमण, दीव आणि गोवा मिळून आपले बावीस जण गेले. त्यांतले सात नौदलाचे, अंजदीव बेटावर. पोर्तुगिजांकडचे तीसेक. पुढे दहा महिन्यांत चीनचे युद्ध झाले, मग पासष्ट, मग एकाहत्तर, आणि एवढ्या मोठमोठ्या आकड्यांपुढे बावीस हा आकडा कुणाच्या नजरेत भरला नाही. हवालदार स्वतः एकाहत्तरला याच पलटणीबरोबर बांगलादेशातल्या जमालपूरला होते. आता गावात दर वर्षी १६ डिसेंबरला विजय दिवस होतो, तेव्हा बांगलादेशच्या लढाईबद्दल त्यांना शाल आणि श्रीफळ देतात, शाळेतली मुले प्रश्न विचारतात. त्यानंतर दोन दिवसांनी १८ तारीख येते. त्या दिवशी ते आजींच्या घरी जेवायला जातात, इतकेच. एका कार्यक्रमात पाहुण्या वक्त्याने "गोवा आपल्याला छत्तीस तासांत मिळाला, फारसा प्रतिकारच झाला नाही" असे भाषणात सांगितले, तेव्हा ते मंचावरच बसलेले होते. मी विचारले, तुम्ही काही बोलला नाहीत? "शाल अंगावर होती की," ते म्हणाले.

हे सगळे होईपर्यंत आजी गप्प होत्या. मला वाटत होते की त्यांना हा विषय नको असेल, म्हणून मी आवरते घेऊ लागलो, तर त्या म्हणाल्या, "तारीख त्यांची. मला एकादशी ठावं." १९६१ साली मार्गशीर्षातली शुद्ध एकादशी त्या दिवशी होती. लग्न होऊन दीड वर्ष झाले होते, नवरा एकदाच सुट्टीवर आला होता, आणि त्या एकादशीला त्यांनी घरी रताळी उकडली होती. तार त्यानंतर काही दिवसांनी आली. "म्हंजे आमी उपास सोडला, सणवार केला, समदं केलं, आन् मानूस तवाच न्हवतं." हे त्या माझ्याकडे न पाहता टेबलावरच्या काचेकडे पाहून बोलल्या. हवालदारांनी त्यांचे बोलणे तोडले नाही आणि त्यात भरही घातली नाही. मग पर्समधून, म्हणजे कापडी बटव्यातून, आजींनी एक प्लास्टिकची पिशवी काढली. कागद दाखवायचे असतील असे मला वाटले. आत पदक होते, जनरल सर्व्हिस मेडल, वर 'गोवा १९६१' असा क्लास्प, म्हणजे धातूची पट्टी, कडेला बारीक अक्षरांत नवऱ्याचा क्रमांक आणि नाव कोरलेले. हे कशाला आणले, असे मी विचारल्यावर म्हणाल्या, "तुमी दर वर्सी नवा मानूस बसवता. पुरावा मागितला तर?"

लिंक आली. हवालदारांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. आजींचा लागला नाही. पाच वेळा पुसून, केसांवरून फिरवून, दहाही बोटे ठेवून झाली, तरी पडद्यावर लाल फुली येत राहिली. मी छापील फॉर्म काढला. त्यात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेने पुनर्विवाह केलेला नाही, असे एक वाक्य असते आणि ते वाचून दाखवून होकार घ्यावा लागतो. नियम का आहे ते मला समजते. तरी त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला, भरल्या बँकेत, हे मोठ्याने विचारायचे म्हणजे जीभ जड होते. मी शक्य तितक्या हळू विचारले.

"यंदाबी न्हाई," आजी म्हणाल्या.

रांगेतला मघाचाच माणूस पुन्हा हसला. या वेळी हवालदारही हसले.

शाईच्या पॅडवर त्यांचा अंगठा टेकवून मी तो फॉर्मवर उमटवला. ठसा म्हणजे एक निळा लंबगोल डाग होता, त्यात रेघ अशी एकही नव्हती. ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून हवालदारांनी सही केली. साक्षीदाराने नाव आणि पत्ता एवढेच लिहायचे असते. त्यांनी सवयीने सहीच्या खाली आपला सैन्य क्रमांकही घातला, आणि तो फॉर्मच्या वरच्या भागात मी लिहिलेल्या क्रमांकाहून एकाने जास्त होता. तपासणाऱ्याला ही चूक वाटेल आणि फॉर्म परत येईल, अशी शंका मनात येऊन मी क्षणभर पेन उचलले. मग खोडाखोड केली नाही. कोपऱ्यात शिक्का मारला, व्यवस्थापकांच्या सहीला पाठवला आणि पोच फाडून दिली.

आजी शाईचा अंगठा हवेत तसाच धरून उभ्या राहिल्या, पदराला लागू नये म्हणून. मी कापसाचा बोळा शोधेपर्यंत हवालदारांनी आपल्या टोकनाचा कागद चुरगाळून त्यांच्या हातात दिला. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. एसटी स्टँड रस्त्यापलीकडेच होता, तरी ते दोघे लगबगीने निघाले. आजी पुढे, हवालदार त्यांच्या मागे.