ऑपरेशन झालं ना, मग आता काय राहिलं?

मार्चमध्ये माझं लॅप्रोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून भेटेल तो एकच विचारून राहिला, "झालं न ऑपरेशन, मग आता गुड न्यूज कधी?" लोकांना वाटते दाढ काढली की दुखणं गेलं, तसंच असेल हे. मलाही आधी तसंच वाटत होतं म्हणा, त्यांना काय दोष देऊ.

दहावीपासून पाळीचे पहिले दोन दिवस मी पोटाशी उशी धरून काढलेत. आई म्हणायची लग्न झालं की थांबते, लग्न झाल्यावर म्हणे एक लेकरू झालं की थांबते. दुखणं थांबवायची मेफ्टाल स्पास गोळी आणि मी, कॉलेजपासूनची मैत्री. एंडोमेट्रिओसिस हा शब्द ऐकायला मला वयाची बत्तिशी गाठावी लागली, आणि जगात साधारण १९ कोटी बायकांना हे आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मग इतकी वर्षं मला एकीनेही कसं नाही सांगितलं? गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखंच अस्तर बाहेर वाढते, ओव्हरीवर, ट्यूबच्या मागे, आतड्यावर, दर महिन्याला सुजते आणि हळूहळू सगळं एकमेकाला चिकटवून टाकते. माझ्या डाव्या ओव्हरीवर सहा सेंटीमीटरचा चॉकलेट सिस्ट होता. नाव किती गोड, आत जुनं काळं रक्त!

ऑपरेशन चांगलं झालं. सिस्ट काढला, चिकटलेलं सोडवलं, निळा डाय सोडून दोन्ही ट्यूब ओपन आहेत ते पण बघितलं. मी खुश. मग फॉलोअपला डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने नॅचरली ट्राय करा, नाही झालं तर आयव्हीएफचं बोलू, उगाच वर्षं घालवू नका. आणि परत सिस्ट आला तरी परत परत कापायला मी सांगणार नाही, कारण सिस्टसोबत ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो. माझा एएमएच (ओव्हरीत बीजांचा साठा किती उरला याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) २.१ होता तो १.२ वर आला होता. तो कागद घेऊन मी नागपूरच्या धंतोलीतल्या, दवाखान्यासमोरच्या त्या गाड्यांच्या गर्दीत उभी होते, नवरा स्कूटर काढून राहिला होता आणि मला पहिल्यांदा कळलं की मला बरं करून पाठवलेलं नाही, मला थोडा वेळ मिळवून दिलाय फक्त.

सगळ्यात मोठी गंमत तर पुढे आहे. ऑपरेशनच्या आधी वर्षभर मी डायनोजेस्ट घेत होते, हार्मोनची रोज एक गोळी. पाळी बंद, दुखणं बंद, मी पहिल्यांदा ऑफिसला सलग तीस दिवस गेले असेन. पण ती गोळी स्त्रीबीजच तयार होऊ देत नाही, म्हणून मूल पाहिजे तर गोळी बंद. गोळी बंद म्हणजे पाळी चालू, आणि पाळी चालू म्हणजे तो आजार परत आपलं काम करायला मोकळा. म्हणजे ज्याने मला बरं वाटते त्याने मूल होत नाही आणि मुलासाठी जे करायचं त्याने आजाराला खतपाणी! हे मी घरी समजावून सांगितलं तर मावससासूबाई म्हणाल्या, "लेकरू झालं की सगळं साफ होते बापा." होत नाही हो. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून दुखणं कमी होऊ शकते, आजार नाही जात. एवढंच काय, मेफ्टालपण आता बीज फुटायच्या दिवसांत घेऊ नका म्हणाल्या डॉक्टर, त्याने फुटायला अडथळा येऊ शकतो. शेवटची मैत्रीणही गेली.

मग काय, फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजाची पिशवी किती वाढली ते सोनोग्राफीत बघत राहायचं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून डे टेन, डे ट्वेल्व्ह, डे फोर्टीन. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तोंडाला दुपट्टा बांधून भर दुपारी सोनोग्राफीला जायचं, आत "गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी वाचत बसायचं (अरे बाबा इथे गर्भाचाच पत्ता नाही, लिंग कुठलं काढता), नंबर आला की लघवी करून या म्हणतात आणि मी सवयीने लिटरभर पाणी पिऊन आलेली. एक दिवस पिशवी सोळा एमएम, दोन दिवसांनी वीस, मग बीज फुटायचं इंजेक्शन, मग घरी येऊन "आज जमते का" असा व्हॉट्सॲप नवऱ्याला, जसं काही भाजी आण म्हणून राहिली. प्रेमबीम सगळं एमएममध्ये. नवऱ्याचं एक बरं, त्याने स्वतःची टेस्ट सगळ्यात आधी करून टाकली, कोणी सांगायच्या आधी. आमच्या नातेवाईकांत बायकोच्या चार टेस्ट होतात तरी माणसाची एक होत नाही.

पाच महिने असे गेले. दर वेळी पाळी आली की दोन रडणी एकदम येतात, एक पोटाचं आणि एक दुसरं. कोणतं कशासाठी हे माझं मलाच कळत नाही.

पोळ्याच्या दिवशी सासूबाईंनी पिठोरीची पूजा केली, आईने लेकरांसाठी करायची ती. डोक्यावर ताट धरून त्यांनी विचारलं, "अतित कोण?" आणि मागून माझा छत्तीस वर्षांचा नवरा म्हणाला, "मी." मी किचनमध्ये गेले, भांडी नव्हती तरी नळ चालू केला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि सकाळीच पाळी. गरम पाण्याची पिशवी घेऊन सोफ्यावर पडली होती, टीव्हीवर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक चालू, लोक ओरडून राहिले, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी पण पडल्या पडल्या ओरडली, माझा चिकटपणा पण घेऊन जा म्हटलं, नवरा हसला. तेवढ्यात बेल वाजली, बिल्डिंगमधले पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे मागायला. सगळ्यात लहान जो होता त्याच्या बैलाचं एक चाक निघालेलं, तो बैल काखेत घेऊनच फिरत होता. त्याला मी वीस दिले, बाकीच्यांना दहा, त्यावरून दारातच भांडण.

दार लावून आत आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "आता पुढची सोनोग्राफी कधी?" त्यांनी असं थेट कधीच विचारलं नव्हतं. मी बोटांवर मोजलं. आज डे वन, म्हणजे डे टेन महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की दुसऱ्याच दिवशी. सोळा भाज्या, आंबील, घरभर पसारा. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आवराआवरीचं मी पाहून घेईन, तू सकाळचाच नंबर लाव, दुपारी ऊन राहते."