नवीन देशात नोकरी शोधताना

नवीन देशात गेल्यावर सुरुवातीला नुसते अर्ज टाकत बसतो आणि उत्तर काही येत नाही, तेव्हा माणूस आतून खचतो, पण मला मनापासून सांगायचंय की त्यात बऱ्याचदा तुमच्या लायकीचा काही संबंध नसतो, कागद तिथल्या पद्धतीचे नसतात एवढंच.

सीव्हीचंच घ्या ना. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये त्यावर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का वगैरे टाकत नाहीत, जर्मनीत मात्र फोटो अजूनही बरेच जण लावतात. आणि "अकाउंट्स सांभाळले" असं मोघम लिहू नका, किती जणांचे पगार काढायचात, कुठलं सॉफ्टवेअर वापरायचात, महिन्याचा हिशोब किती दिवसांत क्लोज व्हायचा ते लिहा, कारण तुमच्या जुन्या कंपनीचं नाव तिथे कोणाला माहीतच नसतं.

दुसरं म्हणजे लायसन्स. नर्स, डॉक्टर, शिक्षक यांना बहुतेक ठिकाणी आधी नोंदणी लागते, डिग्री कितीही चांगली असू दे, आणि त्यात महिनोन्‌महिने जातात, म्हणून ते निघायच्या आधीच सुरू करा. जर्मनीसाठी अनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ तिथे मान्य आहे का ते फुकट तपासता येतं.

आणि हो, नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, १९९७ च्या १८१ नंबरच्या करारात, काही अपवाद सोडले तर, एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही असंच आहे. पासपोर्टही मालकाच्या ताब्यात ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.