तीनने भाग न जाण्याची अट

टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, इंटर्नलचे पेपर तपासून महिना होत आला, पण त्यातला एक पेपर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि डोक्यातूनही जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

तालुक्याच्या कॉलेजात मी अल्जेब्रा शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. तास संपल्यावर कुणी वही घेऊन समोर उभं राहिलं तर तो वेळ कुठल्याच बिलात धरत नाहीत, त्यामुळे मुलांच्या शंका हा प्रकार हळूहळू कॉलेजातून नाहीसा होत चाललाय आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नाही. असो.

प्रश्न पाच मार्कांचा, नेमलेल्या पुस्तकातला. ग्रुप म्हणजे ज्यात गुणाकार करता येतो आणि तो उलटवताही येतो असा संच. त्यातले कुठलेही ए आणि बी घेतले तरी एबीचा क्यूब म्हणजे ए क्यूब गुणिले बी क्यूब येत असेल, तर ग्रुप अबेलियन आहे, म्हणजे एबी आणि बीए नेहमी सारखेच येतात, हे सिद्ध करा. क्यूबच्या जागी स्क्वेअर असेल तर दोन ओळींचं काम आहे, डावीकडून एक ए आणि उजवीकडून एक बी कॅन्सल केला की झालं. क्यूबचं तसं नाही, इथे खरंच घाम निघतो. आधी कॅन्सल करून बीएचा स्क्वेअर म्हणजे ए स्क्वेअर बी स्क्वेअर हे मिळवायचं, मग तेच दोनदा वापरलं की एबीचा चौथा घात ए चार बी चार येतो, मग पुन्हा दोन्ही टोकांचं कॅन्सल केलं की ए क्यूब आणि बी क्यूब एकमेकांशी कम्यूट करतात, कुठल्याही क्रमाने गुणले तरी तेच. हा भाग मला फार आवडतो, फळ्यावर लिहिताना दरवेळी मस्त वाटतं. आणि मग शेवटची ओळ, एबीचा क्यूब आणि बीएचा क्यूब सारखे आले, दोन्हीकडचा क्यूब काढला, एबी बरोबर बीए, सिद्ध झालं. ही ओळ मी सलग सहा वर्षं फळ्यावर लिहिलीय. मी शिकत होतो तेव्हा माझ्या सरांनीही हीच लिहिली होती.

वर्गातल्या बहुतेकांनी तीच पाठ करून लिहिली, त्यांना पाचपैकी पाच दिले. एका मुलीने क्यूब कम्यूट करतात इथपर्यंत एकही पायरी न चुकता आणलं आणि खाली लिहिलं, ‘इथे क्यूब काढता येतो हे मला सिद्ध करता आलं नाही.’ तिला मी तीन दिले.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. मार्कांसाठी नाही. ‘सर, क्यूब का काढता येतो?’ एवढंच विचारलं. मी सांगायला गेलो की रिअल नंबरमध्ये चालतं, आणि तोंडातून शब्द निघायच्या आतच लक्षात आलं की कॉम्प्लेक्समध्ये चालत नाही, १ चा क्यूब १ आणि ओमेगाचा, म्हणजे १ च्या कॉम्प्लेक्स घनमुळाचा, क्यूबही १. तिला म्हटलं उद्या सांगतो.

तो उद्या काही आला नाही. विधानच चुकीचं असेल म्हणून आम्ही दोघं उदाहरण शोधायला लागलो, जो ग्रुप अट पाळतो पण अबेलियन नाही असा. एस थ्री घेतला, म्हणजे तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा ग्रुप, दोन ट्रान्सपोझिशनमध्येच (दोन वस्तूंची अदलाबदल) अट मोडली. ए फोर घेतला, चार वस्तूंच्या सम अदलाबदलींचा, एक थ्री-सायकल आणि एक डबल ट्रान्सपोझिशन घेतल्यावर तिथेही मोडली. ती टेबलं करकरून वही भरून आणायची. सहकाऱ्यांना विचारलं तर एक म्हणाले, अहो दरवर्षी येणारा प्रश्न आहे, कशाला उकरताय. गणित शिकवणाऱ्या माणसाने असं म्हणावं याचा मला अजून राग आहे.

शेवटी ठरवलं की ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांनाच विचारायचं. प्रकाशकाला तीन फोन केले, तिन्ही वेळा ‘संपादकीय विभाग बघेल’. मग एका जुन्या विद्यार्थ्याकडून लेखकांचा नंबर मिळाला. निवृत्त प्राध्यापक, ऐंशीच्या पुढचे. फोन करायला दोन दिवस धीर होईना, त्यांच्याच पुस्तकातली चूक त्यांनाच कशी सांगायची. केला तर त्यांनी आधी पान नंबर विचारला, मग आवृत्ती, मग जरा वेळ काहीच बोलले नाहीत.

‘अट गेलीय तिथली. पहिल्या आवृत्तीत आहे बघा. ग्रुप फायनाइट, आणि ऑर्डरला ३ ने भाग जात नाही. दुसऱ्या आवृत्तीला नवीन टाईपसेटिंग झालं त्यात ओळ गळाली. मी प्रकाशकाला कळवलं होतं. म्हटलं, कोणीतरी शिक्षक विचारेलच.’ किती वर्षं झाली म्हणून विचारलं. ‘चौदा. तुम्ही पहिले.’

हे ऐकून माझ्याने काही बोलवेना. ऑर्डर म्हणजे ग्रुपमधल्या एलिमेंटची संख्या. अटीचं काम अगदी शेवटच्या ओळीतच आहे. ३ ने भाग जात नसेल तर लाग्रांजच्या प्रमेयाप्रमाणे ऑर्डर ३ चा, म्हणजे स्वतः आयडेंटिटी (ग्रुपमधला १) नसून ज्याचा क्यूब आयडेंटिटी होतो असा, एलिमेंटच असू शकत नाही, म्हणजे क्यूब करणारा होमोमॉर्फिझम (गुणाकार जपणारं फंक्शन) वन-वन, दोन वेगळ्यांचे क्यूब कधी सारखे येत नाहीत, आणि मग क्यूब खुशाल काढा. अट नसेल तर ती ओळ लिहायचा अधिकारच नाही. ती मुलगी बरोबर तिथेच थांबली होती.

लेखक सरांनी तिला फोनवर बोलवा म्हटलं. मला वाटलं उत्तर सांगतील. त्यांनी विचारलं, ‘बाळ, कुठल्या ऑर्डरपर्यंत बघितलंस?’ ती म्हणाली बारा. ‘मग २७ ला जा. टेबल मांडू नकोस, मॅट्रिक्स घे.’ बास, एवढंच.

दोन दिवसांनी ती एकच पान घेऊन आली. तीन बाय तीन मॅट्रिक्स, डायगोनलवर सगळे १, खाली सगळे शून्य, वरच्या तीन जागी मॉड ३ चे आकडे (०, १, २, आणि ३ आला की शून्य धरायचं), म्हणजे ३ गुणिले ३ गुणिले ३, २७ मॅट्रिक्स. आय (आयडेंटिटी) अधिक एन (वरचे तीन आकडे) असं लिहून क्यूब केला की मधल्या दोन्ही टर्ममध्ये ३ येतो म्हणून त्या शून्य, एनचा क्यूब तर शून्य असतोच. म्हणजे प्रत्येकाचा क्यूब आयडेंटिटी! अट आपोआप पाळली जाते, आणि दोन मॅट्रिक्सचा गुणाकार उलटसुलट केला की कोपऱ्यातला आकडा बदलतो. मी ते पान तीनदा वाचलं. त्या संध्याकाळी घरी हर्स्टाइनचं अल्जेब्राचं पुस्तक काढलं, माझ्या कपाटात वर्षानुवर्षं आहे, त्यात हाच प्रश्न अटीसकट छापलेला आहे. मी कधी ताडूनच बघितलं नव्हतं.

सरांना पानाचा फोटो पाठवला. त्यांनी उलट फोन करून तिच्याशी वीस मिनिटं बर्नसाइड या गणितज्ञाबद्दल गप्पा मारल्या, १९०२ साली त्याने विचारलेला प्रश्न, मोजक्या जनरेटरनी (ज्यांच्या गुणाकारांतून सगळा ग्रुप बनतो ते एलिमेंट) बनलेल्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा तोच घात आयडेंटिटी होत असेल तर ग्रुप फायनाइट राहतो का, आणि दोन जनरेटर घेऊन सगळ्यांचा क्यूब आयडेंटिटी केला तर २७ च्या पुढे जाताच येत नाही हे. मी बाजूला बसून नोट्स घेत होतो.

मार्कांचं मात्र झालं नाही. इंटर्नल सिस्टीममध्ये लॉक झालं होतं, मी अर्ज दिला, एका पेपरसाठी लॉक उघडत नाहीत म्हणून परत आला. आणि फक्त तिचे वाढवून भागतही नाही, ज्यांना मी पाच दिले त्यांची शेवटची ओळ चूक आहे आणि ती त्यांना मीच शिकवलीय. वर्गात दुसऱ्याच तासाला हे सांगितलं, दोन्ही ओळी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून. मागच्या पाच बॅचना कसं सांगायचं ते अजून कळलेलं नाही. दोघेतिघे तर आता स्वतः शिकवतायत, त्यांना आधी फोन करतोय.