मराठी मिस्साची वेळ हलवण्याआधी

ठाण्याच्या आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, सध्या एकच विषय चाललाय. रविवारी चर्चमध्ये जागा पुरत नाही. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत नवी वस्ती आली. तिच्यात गोव्याचे आले, मंगळुरूचे आले, तमिळनाडूचे आले, वांद्र्या-मालाडला घर परवडेना म्हणून इकडे सरकलेलेही आले. इंग्रजी मिस्साला, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, लोक पायऱ्यांवर आणि पार्किंगमध्ये उभे असतात. आता एक प्रस्ताव पुढे आलाय, असं बहिणीने फोनवर सांगितलं: रविवारची सकाळी आठची मराठी मिस्सा दुपारवर न्यायची आणि त्या वेळेला आणखी एक इंग्रजी मिस्सा ठेवायची. कारण काय, तर मराठीला माणसं कमी.

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. दुबईत मी ज्या चर्चला जाते तिथे जागेची अडचण ठाण्याच्या कितीतरी पट मोठी आहे, आणि तिथली माणसं तिच्यातून वाट कशी काढतात ते मी दर आठवड्याला बघते. म्हणून आज हेच लिहिते.

चर्च आहे ऊद मेथा भागात, सेंट मेरीज. इथले तेव्हाचे राज्यकर्ते शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांनी जमीन दिली आणि १९६७ साली पहिलं चर्च उभं राहिलं. ते अपुरं पडलं, म्हणून १९८९ मध्ये आत्ताची इमारत झाली. २००१ मध्ये जबल अलीला दुसरं चर्च उघडलं, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी. दुबईतल्या कॅथलिक लोकांसाठी पॅरिश या दोनच, आणि माणसं लाखांच्या घरात. त्यात केरळी आहेत, गोवेकर-मंगळुरी आहेत, फिलिपिनो आहेत, लेबनॉनचे अरब आहेत, श्रीलंकेचे, पाकिस्तानचे, आफ्रिकेतले, युरोपातले आहेत. मनात आलं आणि शेजारचा प्लॉट घेतला, असं इथे करता येत नाही. प्रार्थनास्थळासाठी जमीन सरकारकडूनच मिळावी लागते.

मग उरतं काय? घड्याळ. आपल्या लोकलचं जसं झालं तसंच. रूळ लगेच वाढवता येत नाहीत, म्हणून नऊ डब्यांची गाडी बारा डब्यांची केली, काही पंधरा डब्यांच्या केल्या आणि फेऱ्या वाढवल्या. इथेही मिस्सांची संख्या वाढली, त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत पसरल्या, आणि एका दिवसात मावेनात तेव्हा आठवड्याभरात पसरल्या.

इथली सुटी पूर्वी शुक्रवारी असायची. रविवारी लोक कामावर. त्यामुळे कित्येक वर्षं रविवारची उपासना शुक्रवारी व्हायची, रविवारचीच वाचनं, रविवारचंच शुभवर्तमान. माझ्या आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली, मग म्हणाली, "देवाला कळतं गं कोण कधी मोकळं असतं ते." जानेवारी २०२२ पासून देशाची सुटी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस कामाचा. सगळ्या पॅरिशच्या सवयी बदलल्या. शुक्रवार सकाळ ज्यांच्या हाडीमाशी भिनली होती त्यांना दिवस बदलावा लागला, क्वायरना सरावाच्या वेळा बदलाव्या लागल्या, धर्मशिक्षणाचे वर्ग नव्याने बसवावे लागले. कुरकुर झाली, पण निभावलं.

दोन मिस्सांच्या मधली ती थोडकी मिनिटं एकदा येऊन बघावीत. शेवटचं गाणं चालू असतानाच बाजूच्या दारांपाशी पट्टेदार जॅकेट घातलेले स्वयंसेवक उभे राहतात. आतली माणसं बाजूच्या दारांनी बाहेर, नवी माणसं पुढच्या दाराने आत. समोरासमोर कुणी येऊ द्यायचं नाही. बाकांवरच्या मल्याळम गाण्यांच्या पुस्तिका उचलल्या जातात, त्या जागी टागालोगच्या, फिलिपिनो लोकांच्या भाषेतल्या, कागदांचे गठ्ठे येतात. एक मुलगा कीबोर्डची वायर काढतो, दुसरा गिटारची लावतो. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीच्या, दारात एक फादर गळ्यातला स्टोल उतरवतात आणि दुसरे चढवतात. बाकावर पर्स ठेवून जागा धरणं चालत नाही. पुढच्या रांगा आधी भरायच्या, आत सरकायचं, कडेला कुणी अडून बसलं की एखादी स्वयंसेविका हळूच खांद्याला हात लावून हसते, आणि माणूस आत सरकतो.

सणांना तर आवारच चर्च होतं. नाताळच्या आदल्या रात्री पटांगणात खुर्च्या, मोठे पडदे आणि स्पीकर. कम्युनियनच्या वेळी गर्दीत एक पांढरी छत्री वर दिसते, तिच्याखाली ख्रिस्तप्रसाद देणारी व्यक्ती उभी. लांब बसलेल्या आजींना पडद्यावर वेदी दिसते आणि छत्रीकडे बघून कुठे जायचं ते कळतं. हे वाटणारे बरेचदा साधे संसारी लोक असतात, कुणी अकाउंटंट, कुणी नर्स. १९७३ पासून रोमने त्याला परवानगी दिलेली आहे आणि इतक्या माणसांसमोर दोन-तीन फादर पुरणारही नाहीत. डिसेंबरात फिलिपिनो लोकांची सिम्बांग गाबी असते, नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या मिस्सा. त्यांच्या देशात ती पहाटे होते. इथे नोकऱ्या सांभाळून संध्याकाळीही होते आणि आवार तेव्हाही भरलेलंच.

शेजारी होली ट्रिनिटी हे अँग्लिकन चर्च आहे. त्याच्या आवारातल्या सभागृहांत वेगवेगळ्या देशांच्या आणि भाषांच्या कितीतरी मंडळ्या पाळीपाळीने भक्ती करतात. संध्याकाळी त्या बाजूने गेलं की एका खिडकीतून ढोल, दुसरीतून सावकाश चाललेलं स्तोत्र. मला तो रस्ता फार आवडतो.

आता मूळ मुद्दा. या सगळ्या ओढाताणीत इथे लहान भाषांना आपापली वेळ आहे. मल्याळम, कोकणी, टागालोग, अरबी, उर्दू, तमिळ, सिंहली, फ्रेंच. उर्दू मिस्साला इंग्रजीएवढी गर्दी नसते, म्हणून ती कुणी बंद केली नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा अनेक वेळा मोकळ्या असतात. एक चुकली तर दुसरी. पाकिस्तानातल्या फैसलाबादहून आलेल्या एखाद्या मजुराला मात्र त्याच्या भाषेची ती ठरावीक मिस्साच असते. ती काढली तर त्याच्यापाशी काहीच उरत नाही. मी स्वतः कधी इंग्रजीला जाते, कधी कोकणीला, आणि कोकणीत "आमच्या बापा" सुरू झालं की माझा आवाज आपोआप मोठा होतो. परक्या मुलखात राहिलं की हे जास्त जाणवतं. ठाण्यात असताना मराठी मिस्सा मला गृहीत वाटायची.

आमच्याकडे आठच्या मिस्साला कोण येतं ते मला ठाऊक आहे. गावठाणातल्या म्हाताऱ्या मावश्या, काका, येऊरच्या बाजूने सकाळची बस पकडून येणारी आदिवासी कुटुंबं, घरकामाला जाणाऱ्या बायका, ज्यांना दहाला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. दुपारी दोनला, मे महिन्याच्या उन्हात, यातलं कोण येईल? दोन महिन्यांनी संख्या आणखी घटेल आणि मग म्हणतील, बघा, मराठीला माणसंच नाहीत. ज्याच्याकडे गाडी आहे, शनिवारची सुटी आहे आणि दोन भाषा येतात, त्याने सरकावं. ज्याला सरकायला जागाच नाही त्याला आधी उठवू नये.

माझी आजी लहानपणी लॅटिन मिस्सात बसून जपमाळ ओढायची, कारण वेदीवरचं तिला काही कळायचं नाही. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेने, उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. आजी सांगायची की पहिल्यांदा मराठीत मिस्सा झाली तेव्हा चर्चमधल्या बायका रडल्या. त्या बायकांच्याच मुली आणि सुना आज आठला येतात.

मग इंग्रजीची गर्दी कुठे न्यायची? एका फादरवर किती मिस्सा टाकायच्या यालाही मर्यादा आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे दिवसाला एकच, गरज पडली तर बिशपांच्या परवानगीने दोन, आणि रविवारी किंवा सक्तीच्या सणाला खरीच निकड असली तर त्यांच्याच परवानगीने तीन. म्हणून नुसत्या रविवारी मिस्सा वाढवत बसता येणार नाही. पण शनिवार संध्याकाळ आहे ना! आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, हे त्याच कायद्यात आहे. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतल्या तरुण कुटुंबांना शनिवारी संध्याकाळी सहा किंवा साडेसात सोयीचंच पडेल, आणि रविवारी सकाळी आवारात गाड्या लावण्यावरून होणारी भांडणंही कमी होतील. धर्मशिक्षणाची मुलं निम्मी शनिवारी, निम्मी रविवारी अशी वाटता येतील. नऊच्या इंग्रजी मिस्साला पटांगणात मांडव, पंखे आणि एक पडदा लावायचा खर्च फार नाही. पावसाळ्यात शाळेचं सभागृह आहेच. बाजूची दारं बाहेर पडण्यासाठी आणि पुढचं आत येण्यासाठी, एवढं जरी ठरवलं तरी दोन मिस्सांमधली दहा मिनिटं वाचतात. त्याला पैसा लागत नाही, चार खमके स्वयंसेवक लागतात.

नवीन आलेल्यांवर माझा राग नाही, उलट भरलेलं चर्च बघून आनंदच होतो. मीही दुबईत नवीनच आले होते आणि मला कुणीतरी बाकावर सरकून जागा दिली होती. त्यांनाही ती मिळायलाच हवी.

पॅरिश कौन्सिलची बैठक या महिन्याच्या शेवटी आहे म्हणे. तुमच्यापैकी जे आठला जातात त्यांनी सह्यांचा कागद घेऊन तिथे जा, आणि जे इंग्रजीला जातात त्यांनी आपण शनिवारी यायला तयार आहोत हे फादरांना आधीच सांगा. बहिणीने तिचं नाव दिलंय. शनिवारची मिस्सा सुरू झाली तर पहिलं वाचन ती करणार आहे.