सागवानी गिटार, भाग ३: ट्रेमोलो की हार्डटेल?

मी घरी बनवत असलेल्या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी आकारात आली. नागपूरच्या लकडगंजातून आणलेल्या सागवानाच्या दोन फळ्या जोडल्या, टेम्प्लेट लावून कडा राउटरने काढल्या आणि जाडी ४४ मिलिमीटरवर आणली. सागाच्या अंगातच तेल असतं, म्हणून फेव्हिकॉल लावायच्या आधी जोडायच्या कडा थिनरने नीट पुसल्या होत्या. सांधा इतका घट्ट बसलाय की नखाला लागत नाही. नेक, म्हणजे गिटारची मान, बसवायचं पॉकेटही झालं. आता ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग, आणि इथे मी मुद्दाम हात थांबवला. ट्रेमोलो म्हणजे दांडीने हलवून सूर वरखाली करता येणारा ब्रिज, हार्डटेल म्हणजे न हलणारा.

कारण उघड आहे. ट्रेमोलो बसवायचा तर बॉडी आरपार कोरावी लागते. वरून ब्लॉकसाठी चौकोनी भोक आणि मागून स्प्रिंगांसाठी लांबट खड्डा. हार्डटेलला तारा ओवायची सहा भोकं आणि थोडे स्क्रू, संपलं. बॉडी उलटीपालटी करून बघत सुतारकाकांनी बजावलंच, "दादा, खड्डा पाडाचा का नाही पाडाचा, ते आधी ठरवा. मंग मले म्हणू नका, भरून द्या म्हणून."

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ साली आली तेव्हापासून ट्रेमोलोची ही रचना फारशी बदललेली नाही. ब्रिजची प्लेट पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर डुलते, तिच्याखाली धातूचा ब्लॉक, आणि ब्लॉकला मागच्या खड्ड्यातून स्प्रिंगा ओढतात. १०-४६ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) सहा तारांचा मिळून ताण साधारण ४७ किलो होतो. तितकाच जोर स्प्रिंगांनी लावला की प्लेट मागच्या बाजूने अधांतरी राहते. फेंडरच्या पद्धतीत मागच्या कडेखाली जवळपास ३.२ मिलिमीटर फट असते. दांडी दाबली की सगळे सूर उतरतात, ओढली की चढतात.

या रस्सीखेचीत एक तार हलली की बाकीच्या पाच हलतात, आणि माझ्यासाठी सगळा प्रश्न इथेच आहे. मी वाजवतो ते बहुतेक रागातले तुकडे आणि नाट्यगीतांच्या चाली, खाली मोकळी ए तार षड्ज म्हणून वाजत ठेवून. बी तारेवर पाचव्या फ्रेटला पंचम लागतो. तिथून तार ओढून धैवतावर मींड घेतली की तरंगत्या ब्रिजवर ताण वाढतो, प्लेट किंचित उचलली जाते आणि तेवढ्यात खालचा षड्ज उतरतो. मींड धैवतापर्यंत पोचवायला तारही जास्त ओढावी लागते. बँडमध्ये ड्रम आणि कीबोर्डच्या गर्दीत हे कळणारही नाही. पण षड्जावर बांधलेल्या वाजवण्यात उतरलेला षड्ज सहन होत नाही.

शिवाय माझा उजवा तळहात ब्रिजवर टेकलेला असतो. पाम म्यूट करताना, म्हणजे तळहाताने तारा दाबून आवाज बुजवताना, जरा जोर पडला की प्लेटची मागची कड दबते आणि सूर चढतो. हात उचलून वाजवायची सवय लावता येते. इंग्लिश गिटारवादक जेफ बेक तरंगत्या ब्रिजवर दांडी हातात धरून अख्खी चाल गाऊन दाखवायचा. पण ती वेगळी तालीम आहे, आयुष्यभर केलेली.

दुसरी बाजूही तितक्याच प्रेमाने सांगतो. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा, कोमल गांधार घ्या. बोटाने तार ओढली की सूर फक्त वर जातो. सुराच्या खाली जायचं तर खालच्या फ्रेटवर बोट ठेवून आधीच तार चढवून धरावी लागते आणि तिथून सैल सोडावी लागते. दांडीने मात्र गांधार आपल्या जागी ठेवून हळूच खाली झुकवता येतो, परत आणता येतो. जमलं की अंगावर काटा येतो. आणि सहा तारांची पूर्ण कॉर्ड एकत्र डोलवायची असेल तर हार्डटेलवर ते होतच नाही.

म्हणून कागदावर हिशेब मांडत बसण्यापेक्षा माझ्या जुन्या स्ट्रॅट प्रकारच्या गिटारवर तिन्ही अवस्था करून बघितल्या. तारा त्याच, अँप तोच, तुकडा तोच, मोबाईलवर रेकॉर्डिंग.

आधी तीन स्प्रिंगा आणि तरंगता ब्रिज. मग पाच स्प्रिंगा लावून, मागचे दोन लांब स्क्रू आवळून प्लेट बॉडीला टेकवली. अशा वेळी दांडी दाबून सूर उतरवता येतो, चढवता येत नाही. स्प्रिंगांचा जोर तारांपेक्षा जास्त असल्यामुळे मींड घेताना प्लेट उचलली जात नाही आणि षड्ज जागचा हलत नाही. शेवटी प्लेट टेकलेलीच ठेवून ब्लॉक आणि खड्ड्याची मागची भिंत यांच्यामध्ये सागाची पाचर ठोकली. आता ब्रिज पूर्ण बंद, म्हणजे जवळपास हार्डटेल.

ऐकून माझं मत असं बनलं. सस्टेनमध्ये, म्हणजे सूर किती वेळ टिकतो त्यात, लोक सांगतात तेवढा फरक मला अँपमधून ऐकू आला नाही. अँपशिवाय मात्र फरक आहे. तरंगत्या ब्रिजवर स्प्रिंगांची बारीक झंकार मागे राहते, पाचर मारली की आघात कोरडा आणि नेमका येतो. गळ्याच्या अंगाने जाणाऱ्या चालीला मला तो कोरडेपणा आवडला.

नागपूरचं हवामानही लक्षात घ्यायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, खोलीत कूलर, दुपारी वीज गेली की हवा एकदम कोरडी आणि तापलेली. जूनच्या शेवटी पाऊस लागला की सगळं दमट. नेक थोडी वाकते-सरळ होते, तारा तापल्या की उतरतात. हार्डटेलवर जी तार उतरली ती लावली की झालं. तरंगत्या ब्रिजवर एक लावली की बाकीच्या सरकतात आणि दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. वाजवताना तार तुटली तर स्प्रिंगा उरलेल्या पाचही चढवतात आणि गाणं तिथेच थांबतं. फ्लॉइड रोझ या कुलूपवाल्या ट्रेमोलोचा मार्ग मी विचारातच घेतला नाही. नटवर, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवर, कुलूप बसलं की सूर टिकतात हे खरं, पण प्रसंगी जाड ई उतरवून डी करायची माझी सवय त्यात बसत नाही.

ठरलं ते असं. नवी सागवानी गिटार हार्डटेल. जुनीवर पाच स्प्रिंगा आणि टेकलेली प्लेट कायम, पाचर काढून टाकली, दरबारीसाठी ती गिटार आहेच. सागवान अल्डर या गिटारच्या नेहमीच्या लाकडापेक्षा जड असतं, खड्ड्यामुळे वजन कमी झालं असतं असंही मनात आलं होतं, पण लोखंडी ब्लॉक आणि स्प्रिंगा त्यातलं बरंचसं परत भरून काढतात. मात्र ज्यांच्याकडे एकच गिटार असणार आहे आणि मन ठरत नाही, त्यांनी बिनधास्त ट्रेमोलोवाली घ्यावी. तिला पाचर मारून हार्डटेल करता येतं, दुपारी मारली तर संध्याकाळी काढताही येते. उलटं होत नाही.

पुढचं मोजमाप असं करतोय. नेक क्लॅम्पने पॉकेटमध्ये पक्की बसवायची. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन काळे दोरे ताणून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (प्रत्येक तार टेकते तो सरकता तुकडा) आणायचे आणि दोन्ही कडांना फ्रेटबोर्डचं अंतर सारखं येईपर्यंत प्लेट डावी-उजवी सरकवायची. पातळ ईचं सॅडल स्क्रूवर जवळपास पूर्ण पुढे घेऊन नटपासून बरोबर ६४८ मिलिमीटरवर ठेवायचं. जाड ईचं सॅडल इंटोनेशनसाठी, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून, त्याच्या तीन-चार मिलिमीटर मागे जातं, तेवढी जागा मागे उरली आहे ना हे बघूनच खुणा करायच्या. नट आणि ब्रिजचं तारांमधलं अंतरही आधी जुळवा. बाजारात ५२.५ आणि ५६ मिलिमीटर असे दोन्ही रुंदीचे ब्रिज मिळतात, आणि अरुंद नेकवर रुंद ब्रिज लावला की कडेच्या तारा फ्रेटबोर्डवरून घसरतात.

तारांची सहा भोकं ४४ मिलिमीटर सागातून आरपार सरळ जायला हवीत. हातातलं ड्रिल रेषांच्या कलाने वाहवतं आणि मागच्या फेरूलची (तारा अडकवायच्या धातूच्या टोप्यांची) ओळ वाकडी दिसते, म्हणून हे काम स्टँडच्या ड्रिलवरच करणार. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याशी बोलणं चाललंय. धरमपेठ-गोकुळपेठच्या बाजूला कोणाकडे स्टँडचं ड्रिल असेल तर कळवा, मी बॉडी घेऊन येतो.