आमची वाटचाल: इमेजच्या आत नेमकं काय आहे?

पुण्यात आम्ही दोघांनी भागीदारीत फर्म काढली ती लिनक्स सर्व्हर सांभाळून देण्यासाठी. पतसंस्था, एमआयडीसीतले छोटे कारखाने, काही सॉफ्टवेअर कंपन्या, अशी गिऱ्हाइकं होती. पुढे एकेकाने आपलं काम डॉकरवर, म्हणजे प्रोग्राम बंदिस्त डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनावर, हलवलं आणि सर्व्हर पॅच करण्याची आमची नेहमीची पद्धत अपुरी पडू लागली. कंटेनर ज्या तयार साच्यावरून चालतो त्याला इमेज म्हणतात, आणि तिच्यात स्वतःची वेगळी डेबियन किंवा अल्पाइन ही लिनक्स असते. बाहेरच्या सर्व्हरवर ओपनएसएसएल हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर अपडेट केलं तरी इमेजमधलं जुनंच राहतं, आणि ते बदलायचं तर इमेज नव्याने बिल्ड करावी लागते. हे लोकांना पटवून देण्यात आमचा सुरुवातीचा बराच काळ गेला.

इमेजमधल्या त्रुटी शोधायला आधी आम्ही क्लेअर हा स्कॅनर वापरायचो, नंतर ट्रिव्हीवर आलो. दोन्ही ओपन सोर्स, फुकट मिळणारी. त्यामुळे गिऱ्हाईक हमखास विचारायचं, ‘स्कॅनर फुकट आहे, मग पैसे कशाचे घेता?’ प्रश्न रास्त होता आणि त्याच्या उत्तरातूनच आमचा धंदा उभा राहिला.

स्कॅनर इमेजमधल्या पॅकेजची यादी वाचतो आणि जाहीर झालेल्या त्रुटींच्या डेटाबेसशी ती ताडून पाहतो. पायथनची पूर्ण आकाराची बेस इमेज घेतली तर रिपोर्टमध्ये शेकडो ओळी येतात. त्या ई-मेलने पाठवून देणं म्हणजे काम नव्हे, असं आमचं मत पहिल्यापासून होतं. डेबियन बऱ्याचदा जुनी आवृत्ती तशीच ठेवून फक्त दुरुस्ती मागे आणून लावते. आवृत्तीचा मूळ आकडा तोच दिसतो, शेवटचं शेपूट तेवढं बदलतं. नुसता आकडा पाहणारा माणूस घाबरतो, डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर उघडणारा घाबरत नाही. काही त्रुटींना डेबियननेच ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवलेलं असतं. उलट, गांभीर्याचे गुण दहापैकी सातच, पण अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेच्या ‘हल्ल्यांत प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटी’ या यादीत नाव, अशी एखादी ओळ खाली दडलेली असते. आम्ही ती सगळ्यात वर आणतो. कोणती ओळ आज, कोणती पुढच्या बिल्डला आणि कोणती सोडून द्यायची, तेही का, हे लिहून देण्याचे आम्ही पैसे घेतो.

फर्मची दिशा पक्की केली ती डिसेंबर २०२१ने. जावा प्रोग्रामच्या नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीतली त्रुटी जाहीर झाली, गुण दहापैकी दहा. लॉगमध्ये एक विशिष्ट मजकूर उमटला की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवू शकत होता. त्या शुक्रवारी सगळ्यांचा एकच सवाल: आमच्याकडे आहे का? जावाचा कोड बांधून ठेवणाऱ्या जार फाइलच्या पोटात दुसरी जार, तिच्यात लॉगफोरजे, अशी स्थिती असल्याने कंपन्यांच्या स्वतःच्या डेव्हलपरनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. महिनाअखेरपर्यंत २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा दुरुस्त्या येत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी तोच शोध पुन्हा.

त्यानंतर आम्ही नियम केला. इमेज बिल्ड झाली की तिच्यातल्या घटकांची पूर्ण यादी, म्हणजे एसबॉम, काढून जपून ठेवायची. आज स्वच्छ असलेली इमेज महिनाभर हात न लावताही धोक्याची ठरू शकते, कारण त्रुटी रोज नव्या जाहीर होतात. यादी हाताशी असली की इमेज पुन्हा धुंडाळावी लागत नाही.

मार्च २०२४मध्ये याचं चीज झालं. एक्सझेड युटिल्स या फाइल आकसवणाऱ्या लिनक्समधल्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला. जपलेल्या याद्यांत आम्ही ते दोन आकडे शोधले आणि गिऱ्हाइकांना लगेच कळवलं: तुम्ही डेबियनच्या स्टेबल आवृत्तीवर आहात, तुमच्याकडे ते नाही. हा चोरदरवाजा मात्र कुठल्या स्कॅनरने पकडला नव्हता. एसएसएचने (दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा पुरवणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने तो पकडला. स्कॅनर फक्त माहीत असलेलंच शोधतो, हे आम्ही प्रत्येक करारात स्पष्ट लिहितो.

‘शून्य त्रुटी’ची हमी आम्ही देत नाही, आणि त्यापायी काही कामं सोडली. एका गिऱ्हाइकाला बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेली इमेज आम्ही तपासली. रिपोर्ट कोरा निघाला. एवढ्या मोठ्या इमेजमध्ये एकही ओळ नाही, हे खटकलं म्हणून इमेज ज्या एकावर एक थरांची बनते, त्यातला एकेक थर (लेयर) उघडून पाहिला. पॅकेजची नोंद असते ती डीपीकेजीची (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची) फाइलच शेवटच्या इमेजमधून काढलेली होती. खालच्या लेयरमध्ये ती जशीच्या तशी मिळाली, कारण वरच्या लेयरमध्ये पुसलेली फाइल खालून जात नाही. ती यादी स्कॅनरला दिल्यावर खरं चित्र समोर आलं. हे जाणूनबुजून केलं की इमेज लहान करण्याच्या नादात झालं, ते आम्ही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला इमेज नव्याने बिल्ड करून मागवायला सांगितलं.

ऑगस्ट २०२४मध्ये सेबीचा सायबर सुरक्षेचा आराखडा आला आणि त्यात एसबॉमची अट आली. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेची एसबॉमवरची मार्गदर्शक तत्त्वं. जे आम्ही गळी उतरवत होतो, तेच विचारत ब्रोकर फर्म आता फोन करू लागल्या.

सध्या आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलामुलींना पहिले काही आठवडे स्कॅनर चालवायला देत नाही. एक जुना रिपोर्ट आणि डेबियनचा ट्रॅकर समोर ठेवतो. प्रत्येक ओळीपुढे निर्णय आणि कारण लिहायचं, आणि ते माझ्या भागीदाराला समजावून सांगायचं.